चिखलाचा अंगठा

आमच्याकडं ग्रामपंचायतीची मिटिंग भरत नाही, फिरते. नंदलाल चपराश्याच्या सायकलीवर, युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून. सकाळी भैयाजीच्या, म्हणजे सरपंचबाईच्या नवऱ्याच्या, ओसरीतून निघते, दुपारपर्यंत मेंबराईच्या घरी, शेतात, पानठेल्यावर जाऊन सह्या गोळा करते अन् ऑफिसच्या अलमारीत जाऊन झोपते. गावाचं नाव सांगत नाही. सालेकसाकडं जाताना जंगल लागायच्या आधी आहे. ओळखीचं वाटलं तं तुमचंच समजा.

त्या दिवशी बी ती तशीच फिरत होती. धान रोवण्याची घाई होती. बारा बाया बांधीत, धानाच्या वावरात, ओणव्या होत्या, डोक्यावर पन्नी, पोटऱ्यापर्यंत चिखल, हातात धानाचे परे, रोवायची रोपं. त्यात लीलाबाई टेंभुर्णे. बौद्ध टोलीची, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीची, निवडून आलेली मेंबर. मेंबर झाली तरी रोजी रोवण्याचीच, कारण मेंबरकीनं चूल पेटत नाही. भैयाजीची पेटते, ती गोष्ट वेगळी.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सायकल टेकवून नंदलालनं आवाज दिला, "ओ मेंबरीनबाई! सही पाहिजे जी."

"कायची?"

"मिटिंगची."

"कवा झाली मिटिंग?"

"आता होऊन राहिली ना. तुमी सही केली का झाली."

बाया हसल्या. सुशिलाबाई बोलली, "मिटिंगमंधी चहा भेटते म्हणत होते ना वो लीला? आमाले बी पाज."

"चहा भैयाजी पेते, सही मी करते," लीलाबाई बोलली. मंग तं सगळ्या कंबर धरून हसल्या. ती बी हसली.

"थांबा नंदलालभाऊ, हात धुऊन येते."

"कायले धुता? अजून चार घरं बाकी हायेत. अंगठा मारा. चिखलच शाई समजा."

लीलाबाईले सही येत होती. निवडणुकीच्या आधी तिच्या पोरीनं, खुशबूनं, जुन्या कॅलेंडरच्या मागं गिरवून घेतली होती. 'लीलाबाई खेमराज टेंभुर्णे.' तीन हप्ते लागले होते. अक्षर जोडून वाचता बी येत होतं, सावकाश. पण मागून बांधीवाला ओरडून राहिला होता, बाकीच्या बाया ओळीत पुढं निघून गेल्या होत्या. तिनं चिखलाचा अंगठा रजिस्टरवर दाबला. नंदलालनं फुंकर मारली अन् गेला.

वर काय लिहिलं होतं ते तिनं पाहिलं नाही. भैयाजीचा राग तं येतोच, तो पुढं येणारच आहे. पण पहिला राग इथं येते. बाई, तू निवडून कायच्यासाठी आली होती?

कायच्यासाठी, ते सांगतो.

गावात मढं जाळायच्या जागा दोन. एक मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर, तिथं पक्का ओटा, वर पिंपळ. ती गावाची. दुसरी नाल्याच्या काठी, तिथं झुडपं अन् चिखल. ती टोलीची. असं कुठंच लिहून नाही. विचारलं तं कोणी नाही बी म्हणत नाही. फक्त म्हणते, "रीत हाये."

निवडणुकीच्या आदल्या साली लीलाबाईचा सासरा पोळ्याच्या चार दिवस आधी गेला. पावसाची झड लागून होती. पुरावं म्हणलं तं नाल्याच्या काठाले हातभर खणलं का पाणी. लाकडं ओली. घासलेट संपलं, पेटलं नाही. शेवटी रोडवरच्या पंक्चरवाल्याकडून चार टायर आणले, एक डबकी डिझेल आणलं. काळा धूर टोलीत शिरला, दोन दिवस भाताले बी त्याचाच वास. त्याची बायको जमुनाबाई छत्री धरून शेवटपर्यंत उभी होती. सगळं पाहिलं तिनं. अर्धवट राहिलेलं बी पाहिलं.

जमुनाबाई कोण? गावची दाई. दवाखान्याची गाडी गावात येत नव्हती तेव्हा या गावातलं हर एक लेकरू तिच्या हातात पडलं. टोलीतलं बी, पाटलाच्या वाड्यावरचं बी. नंदलाल पडला. भैयाजी पडला, तो तं पायाळू होता, माय-लेकरू दोघंबी जात होते, जमुनाबाईनं दोघाईले वाचवलं. नाळ कापायले तिचा हात चालते. तिचं मढं चालत नाही.

त्या टायरच्या दिवसानंतर जमुनाबाई सुनेले बोलली, "लीला, मले टायरावर नको जाळू माय. मीनं कोणाचं लेकरू चिखलात पडू देलं नाही. मले बी चिखलात नको टाकू."

एवढ्यासाठी लीलाबाई उभी राहिली. नाल्याच्या काठी टोलीच्या स्मशानावर एक शेड. चार खांब, वर टिना, खाली ओटा. बाकी तिले काही नको होतं. निवडून आली. पहिली मिटिंग खरोखर भरली होती, फोटो काढायचा होता म्हणून. सगळ्याईले काचेच्या गिलासात चहा, लीलाबाईले कागदाच्या कपात. तिनं कप बाजूले ठेवला अन् उभी राहून शेडाचा विषय मांडला. सरपंचबाई रुख्मा मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा भैयाजी तिच्या बाजूच्या खुर्चीवरून बोलला, "होऊन जाईल."

रुख्माबाई सरपंच कागदावर. जागा बाईची निघाली म्हणून भैयाजीनं बायको उभी केली. गाडीवर 'सरपंच' लिहिलं आहे, गाडी भैयाजी चालवते, अन् सरपंच चुलीजवळ. तिच्याकडं बी रजिस्टर तसंच जाते. कणकेच्या हातानं सही करते. त्या रजिस्टरमंधी तेलाचे डाग आहेत, ते सगळे सरपंचाचे.

निधी आला. टोलीच्या नावानं आला, टोलीच्याच कामाले लावायचा म्हणून आला. ठेक्यासाठी तीन जणाईनं भाव भरले. एक भैयाजीचा भाचा विक्की. दुसरा विक्कीचा साळा. तिसरा विक्कीचा ट्रॅक्टर चालवते तो. सगळ्यात कमी भाव विक्कीचा निघाला. नशीब पाहा पोराचं!

उन्हाळ्यात शेड उभं राहिलं. तलावाच्या पाळीवर. निळी टिना, मागं भिंत, ओट्याले फरशी, लाकडं ठेवायले कोपरा. लीलाबाईचा नवरा खेमराज तिथं रोजीनं गेला होता. त्यानं गिट्टी वाहिली, माल कालवला. एक दिवस घमेलं खाली ठेवून त्यानं विचारलं, "भैयाजी, टोलीचं शेड कवा जी?"

"येऊन राहिलं ना खेमराज. निधीच्या दुसऱ्या हप्त्यात. पहिले गावाचं होऊ दे."

खेमराजनं घमेलं पुन्हा डोक्यावर घेतलं. मंग शेडाच्या भिंतीवर भैयाजीच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं. गॉगल घातलेला, दोन्ही हात जोडलेला. स्मशानात वाढदिवसाच्या शुभेच्छा! कोणाले हसू बी आलं नाही. सवय झाली आहे.

त्या चिखलाच्या अंगठ्याले महिना होत नाही तं श्रावणात जमुनाबाई गेली. पहाटे चहा मागितला, अर्धा पेली, अन् गेली. बाहेर झड. तिसरा दिवस होता, कौलाईवरून धार थांबत नव्हती. सोयऱ्याईले फोन झाले. जमुनाबाईले पांढरं लुगडं नेसवलं, उशाशी मेणबत्त्या लावल्या. खेमराज कोपऱ्यात उभा राहून मोबाईलवर नंबर शोधत होता.

"कोणाले लावून राहिले?" लीलाबाईनं विचारलं.

"पंक्चरवाल्याले. चार तं लागतीनच."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. दुःख बी नव्हतं. जशी लाकडं आणतात, तसे टायर.

लीलाबाईनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला. "ठेवा तो फोन. मी येते तोवर कोणी हालायचं नाही."

ती तशीच भिजत पंचायत ऑफिसात गेली. ऑफिसात नंदलाल एकटा. ग्रामसेवक हप्त्यातून एकदा येते, तो वार नव्हता.

"बाई, आताच समजलं जी. लय वाईट झालं."

"टोलीचं शेड कुठी हाये?"

नंदलालनं खिडकीकडं पाहिलं.

"नंदलालभाऊ, मी तुमाले विचारून राहिली."

"बाई, मले विचारता काऊन? मी तं चपराशी. ते सांगते, मी लिहितो."

"काय लिहिलं?"

नंदलालनं टेबलावरचे कागद सारखे केले. लीलाबाई बोलली, "तुमच्या मायचं बाळंतपण कोणं केलं जी?"

नंदलालनं कमरेची चाबी काढली. अलमारी उघडली. रजिस्टर टेबलावर ठेवून पान काढलं अन् तोंड दुसरीकडं केलं. लीलाबाईनं अक्षर जोडत जोडत वाचलं. 'बौद्ध टोलीकरिता मंजूर स्मशानशेडचे काम पूर्ण झाले. जागा सोयीनुसार तलावाजवळ घेण्यात आली. टोलीच्या सदस्यांची हरकत नाही.'

खाली अंगठा. तपकिरी. माती वाळून पापुद्रा निघाला होता, पण रेषा साफ दिसत होत्या. तिचाच.

ती रडली नाही. त्या पानावर हात ठेवून तेवढी उभी राहिली, अन् तिच्या पदराचं पाणी टेबलावर ठिबकत राहिलं.

"पाटी बी हाये बाई," नंदलाल हळू बोलला. "शेडाले. फोटो पाठवा लागते ना वरती, म्हणून लावली होती. फ्लेक्सच्या मागं हाये."

टोलीतून तिरडी निघाली तेव्हा चाळीसेक माणसं होती. वरून पन्नी धरली होती. हँडपंपाजवळ रस्ता फुटते. डावीकडं नाला, उजवीकडं तलाव. पायाईले कोणी सांगितलं नाही, पाय आपोआप डावीकडं वळले. लीलाबाई धावत पुढं गेली अन् डाव्या वाटेवर हात पसरून उभी राहिली.

"इकडं नाही. तिकडं."

सगळे थांबले. खांद्यावर तिरडी, वरून पाऊस.

"लीला, मारतीन वो," खेमराज बोलला.

"मारतीन तं तिथंच शेड हाये. दूर न्यायची गरज नाही."

कोण तरी म्हातारा हसला. अशा वेळी बी हसला. अन् तिरडी उजवीकडं वळली.

गावात बातमीले पाय लागत नाहीत. ही माणसं पाळीवर चढेपर्यंत भैयाजी, विक्की अन् पंधरा-वीस जण शेडाच्या तोंडाशी उभे. आत, टिनाखाली, कोरडे. टोलीवाले बाहेर, पावसात. ज्याच्या नावानं छत आलं तो भिजून राहिला अन् ज्यानं चोरलं तो कोरडा. हे चित्र तुमी गोंदियात पाहा, मुंबईत पाहा, सगळीकडं हेच.

"लीलाबाई, हे काय चालू केलं?" भैयाजी बोलला. "जमुनामाय आमाले बी मायसारखी होती. पण तुमची जागा तिकडं हाये."

"हे शेड कोणाचं जी?"

"गावाचं."

"मंग आमी कोणत्या गावचे?"

"शब्दात नको पकडू. रीत हाये."

"रीत तं ही बी हाये का मायसारखी बाई गेली तं पोरगा खांदा देते. या पुढं. द्या."

भैयाजी हालला नाही. विक्की मोबाईल काढून बोलला, "मामा, पुलिस को फोन लगाऊं क्या?"

"लगाव ना बेटा," लीलाबाई बोलली. "उनको भी पढ़ने दे."

ती सरळ आत गेली, माणसाईच्या मधून. कोणी हात लावला नाही. हात लावला तं बाटतात ना, म्हणून. तीच रीत त्या दिवशी तिच्या कामाले आली. भिंतीजवळ जाऊन तिनं फ्लेक्सचा कोपरा धरला अन् ओढला. तार तुटली नाही, फ्लेक्स फाटलं, भैयाजीच्या गॉगलाच्या मधोमध. मागं पांढरी पाटी. अक्षर निळं.

"खुशबू, वाच. मोठ्यानं वाच."

खुशबूनं बाहेरूनच वाचलं. "बौद्ध टोली स्मशानशेड. काम पूर्ण. ठेकेदार विक्की... सरपंच सौ. रुख्माबाई..."

"माझं नाव?"

सगळ्याईनं मागं पाहिलं. छत्री घेऊन रुख्माबाई उभी होती. तिचे तिन्ही लेकरं जमुनाबाईच्या हातातले. नवऱ्याले न सांगता आली होती.

"तू घरी जाय," भैयाजी बोलला.

"माझं नाव हाये तिथं," रुख्माबाई पुन्हा बोलली. जसं काही नाव पहिल्यांदा पाहिलं. मंग ती तिरडीजवळ गेली अन् जमुनाबाईच्या पायाशी चिखलात बसली. उठली नाही. सरपंच चिखलात बसलेली पाहून गावच्या माणसाईले काय करावं समजेना. एक-एक जण बाजूले झाला.

भैयाजीनं नाक पुसलं. "ठीक हाये. आजच्या दिवस माणुसकी म्हणून मी परवानगी देतो."

"परवानगी कोणं मागितली?" लीलाबाई बोलली. "पाटी वाचून जागा रिकामी करा."

तिरडी आत आली. 'बुद्धं शरणं गच्छामि' म्हणलं. कोपऱ्यात सुकी लाकडं रचून होती, तीच लावली. एका काडीत पेटलं. धूर पांढरा, सरळ वर. टायरचा वास नाही, डिझेलचा नाही. खेमराज तेव्हा कुठं रडला. त्यानं वाहिलेली गिट्टी पायाखाली होती.

गोष्ट इथं संपवली असती तं तुमाले बरं वाटलं असतं. मलेबी. पण ती संपत नाही.

तिसऱ्या दिवशी राख गोळा करून टोलीवाले घरी आले, अन् संध्याकाळी पाळीवर पाण्याचा टँकर उभा राहिला. विक्कीचा. पाण्यात गोमूत्र, हळद. ओटा धुतला, खांब धुतले, ज्या भिंतीले लीलाबाईचा हात लागला ती भिंत धुतली. भर श्रावणात, वरून पाणी पडून राहिलं असताना, टँकरनं धुतलं. देवाच्या पाण्यानं धुतलं जात नाही म्हणते. विक्कीच्या पाण्यानं जाते.

अन् आठ दिवसांनी, निंदण चालू असताना, धुऱ्यावर सायकल टेकली.

"मेंबरीनबाई," नंदलालनं आवाज दिला. या वेळी आवाजात गंमत नव्हती. "सही पाहिजे जी."

लीलाबाई सरळ झाली. चालत बांधीच्या मोरीजवळ गेली, जिथून साफ पाणी पडते. हात धुतले. नखातला चिखल काडीनं काढला, पुन्हा धुतले. पदराले पुसले. बांधीवाला ओरडला, "ओ बाई, रोजी कापीन!"

"काप," ती बोलली अन् धुऱ्यावर बसली. "आणा."

नंदलालनं रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं. ती वाचू लागली, अक्षराखाली बोट ठेवून. एका ओळीले एवढा वेळ लागत होता का बायाईनं निंदण सोडलं अन् येऊन भवती उभ्या राहिल्या.

"मोठ्यानं वाच ना वो," सुशिलाबाई बोलली.

"तलाव... स्मशान... शेड... स्वच्छता. टँकर खर्च... विक्की यांना... देण्यास मंजुरी." ती थांबली. पुढची ओळ तिनं दोनदा वाचली. "सदर खर्च... बौद्ध टोलीच्या... शिल्लक निधीतून."

टोलीच्या बाईले जाळलं म्हणून शेड बाटलं, ते धुतलं, अन् धुण्याचा पैसा टोलीचा. अन् सही टोलीचीच पाहिजे. सासू तिची, सही बी तिची.

"पेन द्या," लीलाबाई बोलली.

सहीच्या जागेवर तिनं पेन टेकवलं नाही. पानाच्या बाजूले, समासात, खालून वर लिहायले लागली.

"बाई, तिथं लिहायची जागा नाही जी," नंदलाल बोलला. "फक्त सहीची हाये."

"जागा तुमी देलीच नाही नंदलालभाऊ. मी करून राहिली."

तिनं लिहिलं: 'मंजूर नाही. हे पाणी माझी सासू जाळली म्हणून मारलं. या बाईनं तुमाले सगळ्याईले जन्माले आणलं.' अक्षर वाकडं होतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. खाली पूर्ण सही. लीलाबाई खेमराज टेंभुर्णे. मागच्या पानावर चिखलाचा अंगठा होता, या पानावर नाव.

"अन् भैयाजीले सांगा, पुढची मिटिंग ऑफिसात भरली पाहिजे. खुर्च्या टाकून. नाही भरली तं मी या बांधीतच भरवते. बारा बाया हायेत."

"चहा कोण पाजन?" सुशिलाबाई बोलली.

"काचेच्या गिलासात मी पाजीन."

नंदलालनं रजिस्टर पिशवीत टाकलं. पुढचं घर सरपंचाचं होतं. रुख्माबाई कणीक मळत होती. त्यानं रोजच्यासारखं रजिस्टर पाटावर उघडं ठेवलं, पेन ठेवलं. सही करायले तिनं कणकेचा हात पुढं केला, अन् समासातलं ते वाकडं अक्षर तिले दिसलं.

तिनं हात मागं घेतला. उठली. बाल्टीतल्या पाण्यानं हात धुतले, लुगड्याले पुसले, अन् रजिस्टर खिडकीच्या उजेडात धरलं.

ओसरीतून भैयाजी ओरडला, "झाली काय वो सही? किती वेळ?"

"थांबा," रुख्माबाई बोलली. "वाचून राहिली मी."